पाच महिने पूर्ण होईपर्यंत

२२ मार्च २०२१, सोमवार

आज एकशे चाळीस घशांत काडी घातली. त्यातले निम्मे तरी माझ्या तोंडावर खोकले. किट एकदा अंगात चढलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. दुपारी किटमध्येच उलटी आली, गिळून टाकली. लिहितानाही किळस येते. पण कुठेतरी लिहायला हवं, बोलायची तर बंदी आहे.

मला चौथा महिना आहे. हे तिघांनाच माहीत — मी, राकेश आणि आई. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) आता ही वही चौथी.

हुकूम आईंचा. "पाच महिना व्हवू दे. मंग बठ्ठासले सांगू. आते कोनले सांगू नको." आधीची दोन्ही तिसऱ्या महिन्यात गेली आणि दोन्ही वेळा आम्ही गल्लीभर पेढे वाटून मोकळे झालो होतो. आई देव मानत नाहीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, घरात उपास नाही की नवस नाही. नजर मात्र मानतात! मी हसते त्यांना. आणि तरी कोणाला सांगत नाही. भीती मलाही आहे, हे इथे कबूल करते.

२७ मार्च

राकेश आला. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी, शनिवारी धुळ्याला येतो, रविवारी परत. म्हणाला, तुझ्या सरांना सांगून टाक, हे स्वॅबचं टेबल सोड. म्हटलं, आधी आईंना विचार. तो आईंसमोर गेला, चहा प्याला, परत आला. दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणारा माणूस, आईपुढे तोंड उघडत नाही.

५ एप्रिल

सेंटरला नोटीस लागली. गरोदर कर्मचाऱ्यांना स्वॅबच्या टेबलावर बसवायचं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक अर्ज, एवढं पुरे.

नोटीस मृणालीनेच मोठ्याने वाचली. आमच्या सेंटरला टेक्निशियन आम्ही दोघीच, ती आणि मी. तिची मुलगी तीन वर्षांची. मृणाली घरी गेली की आधी मागच्या मोरीत अंघोळ करते, मग पोरीला जवळ घेते, तोवर पोर दाराआड रडते. मी सुटले तर माझी निम्मी रांग तिच्याकडे जाणार.

लसही घेतली नाही मी. गरोदर बाईला द्यायची नाही असा नियम. फेब्रुवारीत सगळ्यांचा नंबर लागला त्या दिवशी मी ताप आल्याचं सांगून घरी बसले. एक लपवायचं तर त्यामागे किती लपवावं लागतं.

५ मेला पाच महिने पूर्ण. एक महिना तर राहिला. काढते.

९ एप्रिल

आज २१२ घसे.

१४ एप्रिल

जयंती घरातच. मिरवणूक नाही, गल्लीत भोंगा नाही. आईंनी पांढरं लुगडं नेसून मेणबत्त्या लावल्या, खीर केली. वंदना म्हणताना पोटात हललं. आधी वाटलं गॅस असेल. मग पुन्हा! आधीच्या दोन्ही वेळी इथपर्यंत पोचलेच नव्हते. आईंचा हात धरून पोटावर ठेवला. त्यांनी खिरीची वाटी माझ्याकडे सरकवली. आज मी सुखी आहे. लिहून ठेवते.

१८ एप्रिल

आईंनी लसणाची फोडणी दिली. त्यांना ठसका लागला आणि मला वासच आला नाही.

सेंटरला गेले. रोज काडी घालणारी मी, आज खुर्चीत बसले. स्वॅब मृणालीने घेतला. फॉर्मवर 'गरोदर आहे का' असा एक रकाना आहे, आम्ही प्रत्येक बाईला विचारतो. मृणाली तो सोडून पुढे गेली. मनात म्हटलं, बरं झालं, खोटं बोलायला लागलं नाही.

पॉझिटिव्ह.

२१ एप्रिल

ताप १०२. मागच्या खोलीत एकटी. आई ताट उंबऱ्यावर ठेवतात आणि दारापलीकडे बसून राहतात. "जेवी ले, माय. तुना साठे नही ते पोटमाच्यासाठे जेव."

फोनवर बायकांच्या डॉक्टर मॅडमशी बोलले. बाळाला होतं का विचारलं. "पोटातल्या बाळाला जाणं क्वचितच. तापाची गोळी घे, पाणी पी." त्या एका शब्दावर दिवस काढला. क्वचित.

आणि मी रोज क्वचितमधली माणसं बघते.

२ मे

निगेटिव्ह. चव परत आली. पोटात दिवसभर धिंगाणा चाललाय. राकेशला व्हिडिओ कॉलवर पोट दाखवलं. जिल्हाबंदी आहे, ई-पास मिळाला की येतो म्हणाला.

५ मे

पाच महिने पूर्ण!

आईंनी कंपाउंडवरून हाका मारून अर्ध्या गल्लीला सांगितलं. इतके महिने या बाईने पोटात कसं ठेवलं कोण जाणे. मी सरांना फोन केला. ते चिडले. "आधी का नाही बोललात? एका दिवसात हलवलं असतं तुम्हाला. रजिस्टरला बसवलं असतं." काय सांगणार, सासूबाईंनी नजर लागेल म्हणून थांबवलं? एवढी शिकून? म्हटलं, चुकलं सर.

मृणालीला फोन केला. अभिनंदन म्हणाली आणि लगेच ठेवला. रांग असेल.

९ मे

सकाळपासून हललं नाही. साखर खाल्ली. डाव्या कुशीवर झोपले. थंड पाणी प्यायले. आई म्हणतात झोपलं असेल. दुपारचे तीन वाजले. मला कळतंय. तरी अजून तास वाट बघते.

१० मे

ठोका नाही.

१३ मे

परवा झाली. मुलगी. कळा सगळ्या खऱ्या दिल्या, दहा तास. रडणं तेवढं माझंच ऐकू आलं.

राकेश पासची वाट न बघता मोटारसायकलवर आला. रस्त्यात पोलिसांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याने तिला पांढऱ्या कपड्यात घेतलं. आईंनी त्रिशरण म्हटलं, मध्येच विसरल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. एवढीशी होती. नखं होती तिला.

मॅडम म्हणाल्या वार, म्हणजे प्लॅसेंटा, बरीचशी कडक झालीये, पांढरट. तिचा तुकडा आणि बाळाचा स्वॅब तपासायला पाठवला. फॉर्म माझ्यासमोरच भरला. नाव — प्राचीचं बाळ. वय — शून्य. मी असे हजारो फॉर्म भरले असतील. हा मला वाचवेना.

१८ मे

रिपोर्ट आला. वार पॉझिटिव्ह, बाळाचा स्वॅबही. मॅडमनी खुर्ची जवळ घेऊन समजावलं. माझा ताप उतरला, तरी वारेत तो राहिला होता. तिथून तिच्याकडे गेला आणि वार निकामी होत गेली. मी राकेशला पोट दाखवत होते, फोन करत होते, गल्ली आनंद करत होती, आणि आत तिला श्वास पुरत नव्हता. माझ्याच रक्तातून गेलं तिला. दुसरीकडून कुठून जाणार होतं?

आईंना सांगितलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "मनीच चूक शे. मीच तुले सांगं व्हतं, कोनले सांगू नको." तुमची चूक नाही, असं म्हणायला हवं होतं. निदान आपल्या दोघींची म्हणायला हवं होतं. अर्ज करायला हात माझेच होते, त्यांनी काही बांधून ठेवले नव्हते. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मी कूस बदलली.

२४ मे

आई जेवत नाहीत. मी जेवते. कळत नाही याचा राग कोणावर काढावा.

३१ मे

आज सेंटरला हजर झाले. किट घालताना मृणाली पाठीमागे उभी राहिली, चेन लावता लावता म्हणाली — मला मार्चपासून माहीत होतं. बोलले असते तर तुझी रांग माझ्याकडे आली असती, घरी माझी पोर आहे, म्हणून नाही बोलले.

तिने चेन गळ्यापर्यंत लावून दिली. मी टेबलावर जाऊन बसले, ती शेजारच्या. टेक्निशियन अजूनही आम्ही दोघीच आहोत.