नऊ नंबरचं झाकण

बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप मामीस,

भाचीचा सविनय नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरता ना, की अजूनही "मला काय धाड भरलीय" म्हणत दोन्ही हातांत बादल्या घेऊन चढता? मामांची तब्येत उत्तम आहे. हे अगदी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही. रक्तदाबाची गोळी ते रोज माझ्यासमोर घेतात (समोर नसले की ती कुंडीत जाते, हे मला चौथ्या दिवशी कळलं, कुंडीतल्या रोपाचा रक्तदाब सध्या छान आहे).

मामा डोळे तपासायला म्हणून दोन दिवसांसाठी निघाले आणि आज अकरावा दिवस. तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत आणि तीनदा मी "डोळ्यांत थेंब घालताहेत" असं सांगितलं. मामी, ते खोटं होतं. डोळ्यांचा डॉक्टर आम्ही अजून बाहेरूनही पाहिलेला नाही. मामा माझ्या कामावर आले आहेत. जे घडलं ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. बसून वाचा.

मी नक्की काय करते असं तुम्ही मागे विचारलं होतंत, आणि मी "कॉम्प्युटरचं" असं म्हणून सटकले होते. आता नीट सांगते. देशभरातली बत्तीस विद्यापीठं आमच्या यादीत आहेत. प्रत्येकाकडे कॉम्प्युटर आहेत, पण एकाच्या कॉम्प्युटरला दुसऱ्याचं काही कळत नाही. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या पण बोलणं टाकलेल्या जावांसारखं. या सगळ्यांना एका जाळ्यात जोडायचं, म्हणजे इथल्या संशोधकाने पाठवलेलं काम तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर व्हावं आणि उत्तर बसल्या जागी परत यावं, हे आमच्या कचेरीचं काम. त्यातलं जमिनीखालचं सगळं माझ्याकडे. केसाएवढी बारीक काचेची तार असते, तिच्यातून उजेड जातो आणि उजेडाबरोबर निरोप जातो. एकतीस विद्यापीठं जोडून झाली. बत्तिसावं राहिलं: नदीपलीकडचं वैद्यकीय विद्यापीठ. माझ्या खोलीच्या खिडकीतून त्याची पाण्याची टाकी दिसते. हजार किलोमीटरवरची विद्यापीठं जोडली आणि टाकी दिसणारं अडकलं, यावर कचेरीत माझ्या पाठीमागे काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही.

अडकलं ते असं. रुग्णालयाचा रस्ता नव्याने खणायची परवानगी वर्षभर मिळणार नव्हती. पण त्याच रस्त्याखालून टेलिफोन खात्याचा जुना पाइप पुलापर्यंत गेलेला आहे. त्यातून तार ओढून पुलावरून पलीकडे नेली की झालं. पाइपवर ठरावीक अंतराने चेंबर, म्हणजे माणूस उतरू शकेल एवढी विटांची खोली आणि वर लोखंडी झाकण. नकाशात चौदा होती. आम्हाला तेरा सापडली. नऊ नंबरच्या जागी नकाशावर लाल पेन्सिलची फुली होती, आणि मध्यंतरी रस्ता रुंद झाल्यामुळे मापं जुळत नव्हती. आठ नंबरमधून आत घातलेली दांडी एका वळणावर अडायची ती अडायचीच. आम्ही अंदाजाने तीनदा खणलं. पहिल्यांदा पाण्याची मुख्य वाहिनी फुटली आणि इथल्या विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या कचेरीतल्या फाइली तरंगल्या. दुसऱ्यांदा जुन्या सायकल स्टँडचा पाया लागला. तिसऱ्यांदा कुठली तरी जिवंत तार तुटून विद्यापीठाचे सगळे फोन गेले, आणि तक्रार करायला फोन नसल्यामुळे कुलगुरू स्वतः चालत आमच्या खड्ड्यापाशी आले.

त्या संध्याकाळी मी मामांना फोन केला (तुम्ही वाचनालयात गेला होतात). हा पाइप टाकणाऱ्या टोळीत ते होते एवढं मला माहीत होतं. नऊ नंबर कुठे असेल, असं सहज विचारलं. मग मामा म्हणाले, "नऊ नंबर नाही सापडायचं," आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी पिशवी घेऊन दारात हजर.

मामी, पुढचे पाच दिवस त्यांनी माझ्या माणसांचा जो छळ मांडला तो तुम्ही पाहायला हवा होता. नऊ नंबरचं नाव काढू द्यायचे नाहीत. "एकपासून सुरुवात करायची," म्हणाले. रोज एक, फार तर दोन चेंबरं. झाकण किती गंजलं, विटांचा गिलावा कुणी खाल्ला, पायऱ्या कुणाच्या अकलेने कापल्या. माझ्या इंजिनिअरांकडे जमिनीखालचं दाखवणारं यंत्र आहे. त्याची शिट्टी कानात घुसते म्हणून मामांनी ते बंद करायला लावलं आणि काठीने रस्ता वाजवत चालू लागले. चिडून पाहावं, तर काठी थांबे तिथे खरोखरच पाइप असायचा. सहाव्या दिवशी आठ नंबर झालं. मामा दगडावर बसले, चहा मागवला, तो प्याले, आणि पाय दुखतो म्हणून घरी गेले. सातव्या दिवशी बाहेरच पडेनात. माझा धीर सुटला. मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "मामा, नसेल आठवत तर तसं सांगा, कमीपणा नाही त्यात." ते म्हणाले, "पलीकडे तुझी वाट कोण बघतंय ते आधी दाखव."

बसने पूल ओलांडून मी त्यांना घेऊन गेले. वाट बघणारी एक डॉक्टरीणबाई आहे, साठीची, लहान मुलांच्या रक्ताच्या आजारावर काम करणारी. तिची खोली म्हणजे टेबल, कॉम्प्युटर आणि पत्र्याचा एक डबा. मुलांच्या तपासण्यांचे आकडे ती डिस्कवर भरते, डिस्क डब्यात, डबा बसने स्टेशनला, तिथून रेल्वेने मोठ्या कॉम्प्युटरच्या गावी; तिथे रांगेत नंबर लागणार, आणि उत्तर त्याच वाटेने परत. एकोणीस दिवस. बाईंना गप्पांची आवड नाही. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या खड्ड्याला अजून किती दिवस?"

मामांनी विचारलं, "उत्तर आलं की काय करता?"

"औषध किती द्यायचं ते ठरवते."

"आणि तोवर?"

"तोवर अंदाजाने देते," बाई म्हणाल्या. "कधी कमी पडतं, कधी जास्त होतं."

परतीच्या बसमधून मामा आमच्या थांब्याच्या दोन थांबे आधीच उतरले आणि एका लाँड्रीसमोर जाऊन उभे राहिले. लाँड्रीवाल्याने दुकानाची पायरी चांगली हातभर रस्त्यावर पुढे आणलेली आहे. मामांनी त्या पायरीवर काठी टेकवली. "याच्या खाली."

लाँड्रीवाल्याने आकाशपाताळ एक केलं. लग्नाचे सहा सूट टांगलेत, धूळ बसली तर कोण धुणार (लाँड्रीवाल्याने हे विचारावं!). मी त्याची समजूत काढत होते, तोवर मामा आतल्या बाकावर बसले आणि बोलू लागले. माझ्याकडे पाहत नव्हते. इस्त्रीवाला इस्त्री उचलून धरून तसाच उभा राहिला.

मामी, तुमच्याकडे येणारे शिट्टीवाले तुम्हाला आठवत असतीलच. दाराची कडी न वाजवता खालून शिट्टी मारणारे, मामांचे जोडीदार. त्यांच्या पत्नी तुमच्याबरोबर दर शुक्रवारी वाचनालयात येतात. शिट्टीवाले कामावर हृदयविकाराने गेले असं आपण सगळे सव्वीस वर्षं समजतो आहोत. ते हृदयविकाराने गेले नाहीत. बंद चेंबरमध्ये विषारी वायू साठतो, म्हणून झाकण उघडून वाट पाहायची आणि मगच उतरायचं, असा नियम. शिट्टीवाल्यांनी विचारलं, "थांबायचं का?" मामांना त्या दिवशी घरी लवकर जायचं होतं. ते म्हणाले, "काल उघडून ठेवलं होतं मी, उतर." काल त्यांनी आठ नंबर उघडलं होतं. नऊ नाही. मामांनी त्यांना दोराने वर काढलं तेव्हा उशीर झाला होता. वरिष्ठांनी अहवालात हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं आणि खाली मामांनी सही केली. नऊ नंबर कायमचं बंद करायचं ठरलं. झाकणावर डांबर टाकायचं काम मामांनी मागून घेतलं.

एवढं सांगून ते थांबले. लाँड्रीवाल्याने सूट आतल्या खोलीत नेले आणि स्वतःच पहार घेऊन पायरी फोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. पंखा लावून हवा सोडली, वायू मोजायचं यंत्र खाली सोडलं. यंत्र "ठीक" म्हणालं तरी मामा अर्धा तास घड्याळाकडे पाहत बसले, आणि या वेळी कुणी कुरकुर केली नाही. मग म्हणाले, "मी उतरतो." मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले, "इथे साहेब कोण आहे?"

"मी आहे, मामा."

ते बाजूला झाले. आमचा फिटर उतरला. त्याच्या कमरेचा दोर मामांनी धरला तो चाळीस मिनिटं. दोर खुंटाला बांधलेला होता, धरायची काही गरज नव्हती. दर मिनिटाला ते वाकून विचारत, "आहेस ना रे?" आणि खालून उत्तर आल्याशिवाय सरळ होत नसत. शेवटी शेवटी फिटर वैतागून "आहे, आहे, कुठे जातोय!" म्हणाला, तेव्हा मामा मोठ्याने हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. मी दुसरीकडे पाहिलं.

पाइप गाळाने भरला होता, तो एका दिवसात मोकळा झाला. काल दुपारी तार पलीकडे पोचली. पहिला निरोप कुलगुरूंनी पाठवायचा, असा सोमवारचा समारंभ ठरला आहे. भाषण तयार आहे, फीत आणली आहे. डॉक्टरीणबाईंना हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नाही. जोडणी झाल्याचा दिवा लागल्याबरोबर त्यांनी बावीस मुलांचे आकडे पाठवून दिले. अकरा मिनिटांनी उत्तर आलं. त्यांनी ते वाचलं, परिचारिकेला हाक मारून तीन मुलांचं औषध बदलायला सांगितलं आणि पुढचे आकडे भरायला घेतले. आभार वगैरे काही नाही. मामा त्यांच्या खुर्चीमागे उभे होते. "तीन?" असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "सध्या तीन." (सोमवारी कुलगुरू जो पहिला निरोप पाठवतील तो माझ्या हिशेबाने साधारण साठावा असेल. मी बोलणार नाही.)

मामांना शनिवारच्या गाडीत बसवून देते. लहानांना आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. मामांचे तळहात दोराने सोलवटलेत, घाबरू नका. मलम लावते आहे.

ता. क. पत्र मी आपण होऊन लिहिलं असं वर वाटत असेल. मामांनीच लिहायला सांगितलं. "मला तिच्यासमोर तोंड उघडता येणार नाही, तू लिही." आणि एक मागणं आहे, ते मला आधी लिहिता आलं नाही. शिट्टीवाल्यांच्या पत्नीकडे जाऊन सगळं खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलंय. त्या काय म्हणतील, दार लावून घेतील का, कुणास ठाऊक. एकट्याने जायची त्यांची छाती होत नाही. तुम्ही बरोबर जाल का?

ता. क. (हे मी स्वतः लिहितोय.) वाचलं. कुंडीचं पोरीने वाढवून लिहिलंय, नऊ नंबरचं एक अक्षरही वाढवलेलं नाही. शनिवारी घरी आलो की दारातच विचारू नकोस. चपला काढू दे, जरा बसू दे. मग विचार. सगळं विचार.