मागच्या सिलिंडरचा पिस्टन

टापिओला, मिशिगन
१० एप्रिल १९८८

श्री. ओ. हाक्काला यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही. जुन्या इंडियन मोटारसायकलींच्या क्लबाच्या मासिकात दर महिन्याला तुमची जाहिरात असते, ‘जुने मॅग्नेटो, कुठल्याही अवस्थेतले, विकत घेऊ’. पत्ता तिथूनच उचलला. तुम्ही खुशाल असाल. तिकडे ऑरेगनच्या किनाऱ्यावर एव्हाना फुलं आली असतील, आमची कुंपणं अजून बर्फाखाली आहेत.

मी इथे माझ्या मामाच्या, ओस्कर माकीच्या, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये काम करतो. सध्या हातात १९४७ सालची इंडियन चीफ मोटारसायकल आहे, एका गिऱ्हाइकाची, त्यांच्याच शेडमध्ये पडून असलेली. इंजिन उघडलेल्या अवस्थेतच मिळालं. क्रँक ठीक, रॉड ठीक, व्हॉल्व्हसुद्धा घासून बसतील. पिस्टन मात्र नाहीत. दोन्ही नाहीत.

जुन्या गाडीत एखादी वस्तू नसणं यात नवल नाही. नवल पुढेच आहे. सिलिंडर धुतले तर आत नवाकोरा बोअर, ताजी कापलेली भिंत! होनिंगच्या तिरक्या रेघा जशाच्या तशा, एकदाही पिस्टन वरखाली झालेला नाही. आणि माप मूळ मापापेक्षा पासष्ट हजारांश इंच मोठं. बाजारात साठचे पिस्टन मिळतात, सत्तरचे मिळतात, पासष्टचे कोणी करत नाही. कारखाना बंद पडून पस्तीस वर्षं झाली, तेव्हा दाद मागायची तरी कुणाकडे?

ओहायोच्या एका दुकानदाराने ‘चालतील’ म्हणून दुसऱ्याच गाडीची एक जोडी पाठवली. घेर बरोबर होता, पण पिनचं भोक खाली. बसवला असता तर पिस्टन वर जाऊन हेडवर आपटला असता. मला इतका संताप आला की तो उचलून अंगणात फेकला. तो कोंबड्यांत जाऊन पडला. त्या शेडच्या मालकीणबाई म्हणतात, तेव्हापासून एक कोंबडी अंडंच घालत नाही.

आता मुद्दा. बोअर करणारा माणूस आधी पिस्टन हातात घेतो. प्रत्येक पिस्टन मोजतो, आणि त्याच्या मापाने सिलिंडर कापतो. उलटं फक्त मूर्ख करतो, आणि हे काम मूर्खाचं नाही. वरपासून खालपर्यंत बोअर सरळ आहे, मी दहादा मोजलाय. म्हणजे हे पिस्टन होते. कुठेतरी आहेत. पुढच्या सिलिंडरच्या बुडाला पंचने एक ठिपका मारलाय, मागच्याला दोन. पिस्टनच्या आत तेच ठिपके असणार.

अशी जोडी तुमच्याकडे असेल तर कळवावं. मला ती जुहान्नुसच्या सणाच्या आत हवी, म्हणजे पंचवीस जूनच्या आत. सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे बोअर पुन्हा लहान करणारी नळी, घालून देणारे कारखाने शरदापर्यंत भरलेले आहेत.

आपला,
ऐनार माकेला

ता. क. सिलिंडर ग्रीस लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. अंक सप्टेंबर १९७४ चा.


टापिओला
४ मे १९८८

श्री. हाक्काला,

पत्र मिळालं. पत्र कसलं, दीड ओळ. ‘इंजिन नंबर काय? शेड कुणाची?’ नमस्कार नाही, चमत्कार नाही. मग मीही घालत नाही.

नंबर तुम्हाला पाठ असणार. शेड लेम्पी काकूंची. चौदा वर्षांपूर्वीपर्यंत तुमचीही होती. मी गिऱ्हाईक म्हणालो ती सायमा, तुमची आणि काकूंची मुलगी. आता बावीस वर्षांची आहे, शाळेची बस चालवते, आणि बर्फात अडकलेल्या दूधगाड्या त्याच बसला दोर बांधून बाहेर काढते. पोरं तिच्या बसमध्ये मस्ती करत नाहीत.

पहिलं पत्र लिहिताना मला सगळं माहीत होतं. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही उत्तरच दिलं नसतंत, म्हणून नाही सांगितलं. सायमाला या पत्रांचा पत्ता नाही. ती म्हणाली होती, “जगात कुणालाही विचार, एका माणसाला सोडून.” मी जगातल्या बाकी सगळ्यांना विचारून पाहिलं.

घाई का ते सांगतो. लेम्पी काकू घर विकून हॅनकॉकला बहिणीकडे राहायला जातायत. नवा मालक शेड पाडणार. भंगारवाला जुहान्नुसनंतरच्या सोमवारी येणार. काकू म्हणाल्या, “तोवर सुरू झाली तर ठेव. नाही झाली तर लोखंड जाईल लोखंडात.” सायमा तासभर भांडली आणि तिला मिळाली ती एवढी तारीख. तिला ही गाडी कशाला हवी, हे मी विचारलं तर म्हणाली, “माझी आहे म्हणून.” मायक्रोमीटर इतका चांगला धरायला कुणी शिकवलं, हे विचारलं तर बसचा हॉर्न वाजवून निघून गेली.

माझ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माणूस कोण आहे हे कळल्याशिवाय कुणी कुणाला पिस्टन देत नाही. मी हॉटनच्या इंजिनियरिंग कॉलेजात होतो. तिसऱ्या वर्षी एका सरांशी खटकलं. त्यांनी भर वर्गात माझा आराखडा फाडला, मी त्यांच्या टेबलावरचे बाकीचे फाडले. त्यानंतर परत गेलो नाही. मग लाकूडगिरणीत लागलो, तिथेही मुकादमाशी वाजलं. मागच्या शनिवारी सौनाच्या वाफघरात ओस्करमामा सगळ्यांसमोर म्हणाला, “कॉलेज सोडलंस, गिरणी सोडलीस. आता हे इंजिन सोडलंस की सोडण्यातली पदवी घरपोच येईल बघ!” सगळे इतके हसले की बाकावरून घसरायचे बाकी होते. मला हसू आलं नाही. मी दगडांवर बादलीभर पाणी ओतलं, तसे सगळे वाफेने भाजत बाहेर पळाले.

सायमाही मार्चमध्ये याबद्दल एक वाक्य बोलली. ते तुम्हाला लिहिणार नाही.

तुम्ही बोअर करून घेतलात, सिलिंडर पुसलेत, ग्रीस लावलंत, पोराला दुपट्यात गुंडाळावं तसे गुंडाळून ठेवलेत, आणि पिस्टन घेऊन निघून गेलात. का, ते मी विचारत नाही. माझं काम पिस्टनशी आहे. पाठवून द्या.

ऐनार माकेला


टापिओला
११ जून १९८८

सायमाचे वडील ओनी हाक्काला यांस,

नमस्कार. या वेळी मनापासून घालतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते गोड नाही.

खोकं मंगळवारी आलं. मी मामाच्या शेडमध्ये उभ्याउभ्याच फोडलं. मेणकागदात पिस्टन. आत बोट घातलं, दोन ठिपके. मागच्या सिलिंडरचा! मी त्याचा मुका घेतला. मामा ट्रॅक्टरखालून बघत होता. म्हणाला, “पाद्रीबुवांना बोलावू का? दोघांचं उरकून टाकू.”

मग तळाशी तुमची चिठ्ठी सापडली. पुढचा पिस्टन तुमच्याकडे राहील, तो तुम्ही स्वतः घेऊन याल आणि स्वतःच्या हाताने बसवाल, सायमासमोर. तसं कबूल असेल तर कळवायचं.

खरं सांगू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते ‘येऊ दे की!’ माझं काय जातं? इंजिन तर पुरं होईल. संध्याकाळी बस धुवायला सायमा शेडच्या मागे आली तेव्हा मी पिस्टन तिच्या हातात ठेवला. तिने आधी खिशातला मायक्रोमीटर काढला, मग तोंड उघडलं.

“मापात आहे,” ती म्हणाली. “कुठून आला?”

“ऑरेगनहून.”

“ऑरेगनमध्ये मी एकालाच ओळखते.”

“तोच.”

“किती पत्रं लिहिलीस?”

“दोन.”

“मला विचारावंसं वाटलं नाही?”

“तू नको म्हणाली असतीस.”

“म्हणून विचारलं नाहीस. छान. तुमचं दोघांचं चांगलं जमेल.”

तिने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तर देता येतं. ती पाण्याची नळी बंद करून बसच्या पायरीवर बसली. “एक पाठवला, एक ठेवला,” ती म्हणाली. “म्हणजे मला हवा असेल तर आधी त्याला घरात घ्यायचं. आणि तू? इंजिन सुरू झाल्यावर तुला काय मिळायचं होतं?”

मी खाली वाकून नळी गुंडाळायला लागलो.

“त्याची अट निदान कागदावर आहे,” ती म्हणाली.

आता ते मार्चमधलं वाक्य लिहावं लागेल. मार्चमध्ये मी तिला लग्नाचं विचारलं होतं. याच पायरीवर, बाहेर बर्फ पडत असताना, हातमोजे काढून. ती म्हणाली, “एका माणसाने अर्ध्यावर टाकलेल्या वस्तूंना वळसे घालत मी त्या शेडमधून चौदा हिवाळे लाकडं आणली. आता दुसऱ्याच्या वस्तूंना वळसे घालायचे नाहीत मला.” मी तिथल्या तिथे तडकून म्हणालो, “ते इंजिन मी पुरं करतो, मग उत्तर दे!” ती म्हणाली, “पुरं कर.” तिने होकार दिला नव्हता. मी त्या दोन शब्दांत तो ऐकला, आणि तेव्हापासून रोज त्याच्यासाठी पाना फिरवत होतो. तुम्ही पुढचा पिस्टन धरून बसलात. मी सगळं इंजिनच धरून बसलो होतो.

बुधवारी रात्रभर मला तुमचा राग आला. गुरुवारी तो माझ्यावर आला. शुक्रवारी सकाळी पोरं चढायच्या आधी मी बसच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, “सायमा, इंजिन मी पुरं करणार. त्याबदल्यात तू मला काही देणं लागत नाहीस. उत्तरसुद्धा नाही.” लिहायला सोपं वाटतं, पण ते म्हणायला मला तीन दिवस लागले. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “दारातून बाजूला हो, उशीर होतोय.”

पण दुपारी तिने भंगारवाल्याला फोन करून जुहान्नुसनंतर येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग आईला सांगितलं. लेम्पी काकू म्हणाल्या, “आणि ठेवणार कुठे? माझ्या बहिणीच्या बैठकीत?” सायमा म्हणाली, “ओस्करच्या शेडमध्ये. विचारून झालंय.” काल आम्ही चौघांनी गाडी गवताच्या ट्रॉलीवर चढवली. काकू दोर धरून सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. गाडी उतरवून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना निसूचा गोड पाव आणि कॉफी दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या तुमचं नाव घेऊन बोलल्या. काय बोलल्या ते त्यांचं आहे.

तर आता जुहान्नुसची तारीख राहिलेली नाही. मिलवॉकीचा एक कारखाना सप्टेंबरात स्लीव्ह घालून द्यायला तयार आहे. सिलिंडरची भिंत पातळ आहे, तडा जाण्याची भीती आहे, तरीही मी घालून घेईन. तडा गेला तर दुसरे सिलिंडर शोधेन. ते मिळायला दोन वर्षं लागली तर दोन वर्षं लागोत.

म्हणून तुमचा पिस्टन याच खोक्यात परत पाठवतोय. हे सायमाने ठरवलं आणि मला ते पटलं. दोन्ही पाठवा, नाहीतर एकही नको. दोन्ही पाठवलेत तर ते तीच बसवेल. माझा हात लागेल तो फक्त रिंगा दाबून धरायला.

आणि तुम्हाला यायचं असेल तर या. पण पिस्टन घेऊन नका येऊ. रिकाम्या हातांनी या, दार वाजवा आणि उभे राहा. ते उघडायचं की नाही, हे ती त्या दिवशी ठरवेल. त्यात ना माझं चालणार, ना तुमचं. मीही त्याच दाराबाहेर उभा आहे, एवढंच सांगू शकतो.

पत्र सायमाने वाचलं. काही लिहायचंय का विचारलं, तर नाही म्हणाली. मग खोकं माझ्याकडून ओढून घेतलं, पिस्टन बाहेर काढला, पिनला आणि रिंगांना तेलाचं बोट फिरवलं, आणि मेणकागदाची घडी उलगडून पुन्हा नीट, कोपरे दुमडून बांधली. “धक्क्याने रिंग तुटते,” एवढंच बोलली, आणि खोक्यावर तुमचा पत्ता तिने स्वतः लिहिला.

वाट बघतोय, पण काम थांबवलेलं नाही.

ऐनार माकेला