पंप कोणी निवडला

कर्वेनगर, पुणे
१७ जुलै २०१२

प्रिय योगेश,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, सुटं, गोल, प्रत्येक मुद्द्याला आकडा घातलेलं. माफी मागतानासुद्धा तू एक, दोन, तीन करतोस. कुसुम तुझा फोन घेत नाही, पत्राला उत्तर देत नाही, ती माझ्याकडे राहते तेव्हा मी तिच्याशी बोलावं, असं तू लिहिलंस. बोलले. त्याचं काय झालं ते सांगते, पण आधी थोडं मागचं, कारण मागचं तुला नीट माहीत नाही.

मुलगी तू चांगली वाढवलीस, हे मान्य करायला हवं. जानेवारीत तिला हिंजवडीत नोकरी लागली आणि तू तिला माझ्या दारात आणून सोडलंस. पुण्यात ओळखीचं एकच घर, असं म्हणालास. मला हसू आलं होतं. आता ती सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडते आणि त्याआधी मला चहा करून देते. मी सांगितलेलं नाही, तरी देते. विश्वजीत बावधनला दुसरा संसार थाटून बसल्यापासून मला कोणी आयता चहा दिला नव्हता. रविवारी ती माझ्या केसांना तेल लावते. लावता लावता तुमच्या अमरावतीच्या गोष्टी सांगायची: तुझ्या बायकोच्या, अपेक्षाच्या, शाळेतल्या, आणि काका, म्हणजे तू, झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं तीनतीनदा कशी तपासतात त्या. बटणांची गोष्ट ती हसून सांगायची. मी मान खाली घालून बसायचे. तेल लावताना तसंच बसावं लागतं, म्हणून बरं.

२००३ चा जून आठव. सासऱ्यांची हिंजवडीची अकरा एकर जमीन गेली होती आणि विश्वजीतला त्या पैशाचं काय करू आणि काय नको असं झालं होतं. धरणाच्या पलीकडच्या काठावर त्याने फार्महाउस बांधलं आणि पाहुण्यांना ने-आण करायला कोकणातून एक जुनी लाकडी लाँच ट्रकवर घालून आणली. ती पहिल्या दिवसापासून झिरपत होती. कोंडीराम ती चालवायचा आणि रोज सकाळी तळात उतरून पत्र्याच्या डब्याने पाणी उपसायचा. विश्वजीतच्या कंपनीतले पाहुणे यायचे, त्यांच्यासमोर तो डबा, तो भिजलेला माणूस. मला लाज वाटायची. पंप बसवू या, असं मीच काढलं. विश्वजीत म्हणाला, बसव, पण स्वस्तातला बघ, होडीवर आधीच खूप ओतलंय. आणि त्या रविवारी पाहुण्यांत तू होतास.

जेवणानंतर तू वही मागून घेतलीस आणि मला तासभर समजावलंस. विश्वजीत फोनवर कुणाशी तरी प्लॉटचं बोलत होता, त्याने एक शब्द ऐकला नाही. हातपंप सगळ्यांत स्वस्त, बॅटरी लागत नाही, पण माणूस लागतो. कूलरचा पंप अजिबात नको, तो घरच्या विजेवर चालतो. बॅटरीवर चालणारा, पाण्यात बुडवून ठेवायचा छोटा पंप घ्या, नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या बरंच वर काढा, नाहीतर उपसलेलं पाणी उलटं आत येईल. आणि पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू करणारा तरंगता स्विच होडीसाठीच बनवलेला घ्या. "पंप स्वस्त चालेल, नम्रता. स्विच स्वस्त घेऊ नकोस," असं म्हणालास. घरच्या टाकीचा स्विच तळातल्या तेलकट गाळात अडकतो, तो नको, हे तू लिहिलंस आणि खाली दोन रेघा मारल्यास. शिवाय, एक हातपंप जवळ असू द्या, असंही लिहिलंस.

होय, लिहिलं होतंस. सगळं.

कागद घेऊन मी बुधवार पेठेत गेले. पंप लगेच मिळाला. दुकानदार म्हणाला, होडीचा स्विच मुंबईहून मागवावा लागेल, आठ दिवस लागतील आणि साडेनऊशे जास्त पडतील. तोवर हा टाकीचा न्या, पाणी शेवटी पाणीच. अकरा एकर विकलेल्या घराला साडेनऊशे जड नव्हते. मी कागद उघडला आणि त्या दोन रेघा पाहिल्या. १९९४ साली लग्न का नको याची कारणं तू मला अशीच लिहून दिली होतीस, आठवतं? एकूण पाच. शेवटचं होतं 'स्वभाव हट्टी', आणि त्याखाली अशाच दोन रेघा. मी कागदाची घडी केली आणि टाकीचा स्विच घेतला. हातपंप घेतला नाही. कोणाचं वाईट व्हावं असं मनात नव्हतं. तुझं एकदा तरी चुकावं, एवढंच होतं.

गावातल्या वायरमनने पंप बसवला. मी कोंडीरामला सांगितलं, आता डबा फेकून दे, पाहुण्यांसमोर दिसायला नको. तो म्हणाला, "राहू द्या की बाई, त्यो काय खायला मागत न्हाय." मी त्याच्या देखत डबा पाण्यात टाकला. पाहुण्यांची तरंगणारी जाकिटं मळू नयेत म्हणून खोलीत कुलूप लावून ठेवली होती, किल्ली माझ्याकडे असायची. ऑगस्टमध्ये एका दुपारी, पाऊस कोसळत असताना, विश्वजीतने पाहुण्यांसाठी लाँच अलीकडे आणायला सांगितली. कोंडीराम एकटा निघाला. मध्यावर इंजिन बंद पडलं. काठावरच्या लोकांनी पाहिलं, तो तळात वाकून दोन्ही हातांच्या ओंजळीने पाणी बाहेर फेकत होता. तिसऱ्या दिवशी तो सापडला. लाँच वर काढली तेव्हा स्विच गाळात रुतून आडवा पडलेला होता.

पंचनाम्याच्या वेळी, पंप कोणी निवडला, असं विश्वजीतने सगळ्यांसमोर मला विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं. खोटं मी तू घरी आलास तेव्हा बोलले. तू दारातच उभा होतास, चपलाही काढल्या नव्हत्यास. स्विचचं मी लिहिलं होतं ना, असं तू विचारलंस. तुला स्वतःवरच भरवसा नव्हता, ते दिसत होतं. मी म्हणाले, "कागदावर फक्त पंप होता. स्विचचं तू बोललाही नाहीस." कागद मी सकाळीच बंबात घातला होता. तू म्हणालास, "मग चूक माझीच." मी तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंतर तू नोकरी सोडलीस, अमरावतीला गेलास, आणि कोंडीरामची बायको यमुनाबाई दोन वर्षांत गेली तेव्हा त्यांच्या मुलीला, कुसुमला, घरी घेऊन गेलास. मी ऐकत होते. दर बातमीला वाटायचं, आता लिहू. मग वाटायचं, त्याला मोठेपणा आवडतोच, मिरवू दे.

गेल्या महिन्यात, मुलगी आता कमावती झाली, तिला कळलं पाहिजे, असं ठरवून तू कुसुमला सगळं सांगितलंस. नऊ वर्षं तुला हा मुहूर्त मिळाला नव्हता. परवा रविवारी तुझं पत्र वाचून मी तिच्याशी बोलले. काकांनी तुझ्यासाठी एवढं केलं, माफ कर, असं म्हणाले. ती म्हणाली, "चूक झाली म्हणून नाही हो काकू. रोज माझ्या ताटात वाढत होते आणि लपवत होते, म्हणून." मग तेलाची वाटी खाली ठेवून तिने मला सरळ विचारलं, "तुम्ही कागद पाहिला होता ना? स्विचचं खरंच लिहिलं नव्हतं?"

मी म्हणाले, "नाही."

ती थोडी रडली. मग तिने मला वेणी घालून दिली. यापुढे घर म्हणजे हेच, असं म्हणाली.

म्हणून हे पत्र. तिला सांगायचं धाडस माझ्यात नाही आणि सकाळचा चहा सोडायची तयारी नाही. पण तिचं ते लपवण्याबद्दलचं वाक्य दोन दिवस मला जेवू देत नाही, आणि ते उतरवून ठेवायला मला तुझ्याशिवाय कोणी नाही. सगळं माझ्या हाताने लिहिलंय, खाली सही केली आहे. हे पत्र कुसुमला दाखवलंस तर ती त्याच दिवशी माझ्या घरातून निघेल आणि तुझ्याकडे परत येईल. कागद तुझ्या हातात आहे. पण मी तुला ओळखते. बापानंतर काका, काकानंतर काकू, एका पोरीची किती माणसं काढून घ्यायची, असा विचार तू करशील. एक, दोन, तीन असे मुद्दे काढशील, आणि शेवटी पत्र फाडून टाकशील. त्याच भरवशावर आज ते पेटीत टाकते आहे.

पाच कारणं वाचूनही तुझीच राहिलेली,
नम्रता