पेठ नसलेली टीम

आबा, मी सध्या फुटबॉल बघते. एवढंच सांगायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर हिला सांगायला हेच सापडलं का, असं तुमच्या मनात येईल. तर हो, हेच सापडलं. नातवंडं, घर, गुडघे यांच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं नाही. फुटबॉलबद्दल बोलायचं आहे, कारण तो विषय तुम्ही माझ्याशी कधी नीट बोलला नाहीत.

पॅसिफिक महासागरातल्या बेटांची एक नवी लीग सुरू झाली आहे. प्रोफेशनल, म्हणजे खेळाडूंना पगार. फिजी, सॉलोमन, व्हानुआतू, ताहिती, पापुआ न्यू गिनी, आणि शेजारचे म्हणून न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियावाले. कॉन्व्हेंटमध्ये भूगोलाच्या सिस्टर नकाशावर छडी फिरवायच्या तेव्हा ही बेटं निळ्या कागदावर उडालेल्या शाईच्या शिंतोड्यांसारखी दिसायची आणि सिस्टरही ती घाईत ओलांडायच्या. अंतरं इतकी प्रचंड की प्रत्येक टीमने प्रत्येकीच्या घरी जायचं ठरवलं तर सगळा मोसम विमानतळावरच संपेल. म्हणून सगळ्या टीम एका बेटावर जमतात, काही दिवस तिथे खेळतात, आणि मग सगळा बाडबिस्तरा उचलून पुढच्या बेटावर जातात. त्यांची संध्याकाळ ती माझी सकाळ. इथे लंडनच्या कडेला, इल्फर्डच्या किचनमध्ये मी टॅब्लेट साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, टोस्टला मार्मलेड लावते आणि बघते. खिडकीबाहेर करडं आभाळ, बिन्स रिकामे करणारी कौन्सिलची गाडी; आणि साखरेच्या डब्यापुढे नारळाची झाडं, फ्लडलाइट, आणि इतका ओला हिरवा रंग की टोस्ट थंड होतो तरी कळत नाही.

त्यात माझी एक टीम आहे. कुठल्या बेटाची ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. पहिल्या मॅचपासून मी तिच्यामागे आहे. ही लीग नवी आहे, आबा, म्हणून तर मला ती आवडली. तिच्यात कुणीच जुनं नाही. ‘तू काय बघितलंस, आमच्या वेळी बघायला पाहिजे होतंस’ असं मला म्हणू शकेल असा माणूस जगात नाही. कुणाच्याही आबांनी कुणाला आधी नेलेलं नाही. त्या बेटांवरची माणसं आणि मी, सगळे एकाच दिवशी आत शिरलो.

आता तुमच्याकडे येते. रविवारची दुपार. तुम्ही जेवून उठला आहात, पाणीपुरवठा खात्यातल्या नोकरीचे खाकी कपडे खुंटीवर आहेत आणि अंगात तो पांढरा शर्ट आहे जो तुम्ही फक्त मॅचला घालता. सायकल बाहेर काढता. दादा दांडीवर चढून बसतो, हातात आपल्या पेठेच्या तालमीचा कागदी झेंडा. कोल्हापुरात प्रत्येक पेठेची तालीम आणि प्रत्येक तालमीची फुटबॉलची टीम, हे इथल्या माणसांना समजावून सांगता सांगता माझे दात झिजले. कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉलची टीम कशी निघते, ते त्यांना कळत नाही. मला कळायचं. मला सगळं कळायचं. कॅरिअर रिकामा होता, आबा. दादा दांडीवर आणि मागे रिकामा कॅरिअर. मी फाटकाला लोंबकळून म्हणाले, “मला पण न्या.” तुम्ही हसलात. शेजारचे काका ओट्यावर पान लावत बसले होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, “तुला कशाला गं बाळे तालीम? उद्या लग्न करून तू दुसऱ्या पेठेत जाणार. मग काय नवऱ्याच्या टीमपुढे बसून आमच्या नावानं ओरडणार काय?” काका इतके हसले की पान ओट्यावर पडलं. दारात आई उभी होती, तीही हसली. तिचं हसणं मी तुमच्यापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवलं.

तुम्ही वाईट बोललात असं तुम्हाला वाटलं नसणार. आपल्याकडे तसंच होतं. मुलग्याला पेठ जन्मतः मिळते आणि ती मरेपर्यंत त्याची. मुलीची पेठ तात्पुरती. मग जिची पेठच जाणार आहे तिला टीम द्यायची कशाला, फुकट घालवायला? हिशेबात चूक नव्हती. एवढंच की मी दुसऱ्या पेठेत गेलेच नाही. लग्न झालं ते मिरजेच्या डॉक्टरशी, आणि लग्नानंतर आम्ही थेट इकडे आलो. इथे सासरची टीम नव्हती जिच्यासमोर मी ओरडले असते. मला माहेरची टीम खुशाल नेता आली असती सोबत, तिने कुणालाही त्रास दिला नसता.

तुम्ही दादाला चामड्याचा बॉल आणलात, दोरी ओवून तोंड बांधायचा, तो आठवतो का? मला त्याच दिवशी फाउंटन पेन आणलंत, कारण मी वर्गात पहिली आले होते. चांगलं पेन होतं. पण बॉल पावसात भिजून कडक व्हायचा आणि त्याला खोबरेल चोळायचं काम माझ्याकडे आलं, कारण दादा वेंधळा होता आणि मुलीचा हात हलका. बॉल त्याचा, तेल माझं. मी मागच्या अंगणात बसून शिवणीशिवणीत बोट घालून तेल मुरवायची आणि कुणी बघत नसलं की एक लाथ मारायची. शाळेत तर तेही नाही. शाळेत आम्हाला थ्रोबॉल. मुलींनी बॉलला पाय लावणं सिस्टरांना असभ्य वाटायचं.

आणि तरीही फुटबॉल मला तुम्हीच शिकवलात. नकळत शिकवलात, म्हणून त्याचे आभार मी मानत नाही. संध्याकाळी परत आलात की हातपाय धुवायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उकिडवे बसायचात आणि आईला मॅच सांगायचात. आईला त्यात काडीचा रस नव्हता, ती भाकरी थापत हूं हूं करायची. तुम्ही फडताळातल्या वाट्या खाली काढायचात. मोठी वाटी गोलकीपर, तिच्यापुढे दोन, ही तिघं मधली, ही त्यांची, ही आपली. लसणीची पाकळी म्हणजे बॉल. “हा इथून निघाला बघ, ह्याला चकवलं, ह्याला चकवलं, आणि हा इथे मोकळा उभा, कुणाचं लक्ष नाही.” पाकळी वाटीमागून सरकायची. दादा तोवर झोपेला आलेला असायचा, मॅच त्याने बघितलेली होती ना. मी चुलीजवळ कोथिंबीर निवडत बसलेली असायची, आणि पाकळी कुणाकडे जाणार ते तुमच्या आधी मला कळायचं. एकदा मी बोलून गेले. म्हणाले, “आबा, त्याने डावीकडे द्यायला पाहिजे होता.” तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग वाटीकडे, आणि म्हणालात, “कोथिंबीर बघ.” डावीकडेच द्यायला पाहिजे होता. मी आजही म्हणते.

इथे आल्यावर तेच झालं, फक्त इंग्रजीत. आमचे हे आणि मुलगा एका मोठ्या क्लबचे सीझन-तिकीटवाले. मला म्हणायचे, तुला थंडी लागेल. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत तीस वर्षं पहाटेच्या बसने गेले, तेव्हा थंडी लागते का हे कुणी विचारलं नाही. आता मी माझी मॅच लावते तेव्हा हे पेपर घेऊन मागे येऊन उभे राहतात.

“हे कसलं ग्राउंड? मागे कोंबड्या फिरतायत.”

“तुमच्या ग्राउंडवर जाहिराती फिरतात. कोंबड्या बऱ्या.”

“तुझी टीम कुठली यातली?”

“तुम्हाला थंडी लागेल,” मी म्हणते.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. दादाचं. त्याच्या दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं आहे. कडेचं दिसतं, मधोमध धुरकट. वहिनी गेल्यापासून तो एकटा आहे, दुपारी बाई येऊन भाकरी करून जाते. टीव्हीवर बॉल दिसत नाही, म्हणून त्याने मॅच बघणं सोडलं. पेठेतल्या तालमीच्या पोरांनी घरी येऊन निकाल सांगितला तर तेवढा ऐकतो. मी या लीगचं कुणाशी बोलत नव्हते, पण एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मागे शिट्टी वाजली आणि त्याने ओळखलं. म्हणाला, “मॅच बघतेस काय गं? कुणाची?” मी जरूर तेवढंच सांगितलं. मग म्हणाला, “मला सांगशील काय? संपल्यावर. जेवून मी बसतो, झोपत नाही.”

मला नको होतं, आबा. साठ वर्षांनी मला एक गोष्ट मिळाली जी दांडीवर बसून कुणी आधी बघितलेली नव्हती, आणि तीही त्याला हवी. त्याच्याकडे तुमचे सगळे रविवार आहेत. मी म्हणाले, बघू. दोन मॅच मी मुद्दाम फोन केला नाही. तिसऱ्या वेळी त्यानेच केला. “जिंकली काय तुझी टीम?” इतकंच. त्याच्या मागे ताट तसंच पडलेलं दिसत होतं.

मग मी वाट्या काढल्या. मला वाटलं नव्हतं मी काढेन. इथल्या कपाटातल्या स्टीलच्या वाट्या, किचनच्या वर्कटॉपवर मांडल्या, फोन वर धरला, म्हणजे कडेने का होईना त्याला ठिपके दिसतील. लसणीची पाकळी घेतली. “ही मोठी गोलकीपर,” म्हणाले, आणि पलीकडे दादाने फोन डोळ्यांच्या कडेला नेला. मग तो म्हणाला, “आबा माझ्याशी ग्राउंडवर बोलायचे नाहीत फारसं. मला काही कळायचं नाही, मी शेंगा खायचो. चांगला गोल झाला की ते म्हणायचे, हा घरी जाऊन तिला दाखवायला पाहिजे. वाट्यांनी दाखवतो म्हणायचे. आईला नाही, तुला.”

तुम्हाला वाटत असेल मी विरघळले. मी म्हणाले, “मग न्यायचं होतं.” दादा म्हणाला, “हो गं. न्यायचं होतं.” कॅरिअर रिकामा होता हे त्यालाही आठवत होतं. त्या दिवशी मी वाट्या धुतल्या आणि इतक्या आपटून ठेवल्या की हे वरून विचारायला आले. तुम्ही ते वाक्य दादाला सांगितलंत. ज्याला शेंगा खायच्या होत्या त्याला. ते माझं होतं आणि तेसुद्धा त्यानेच आधी ऐकलं, आणि इतकी वर्षं स्वतःजवळ ठेवून एका दुपारी सहज देऊन टाकलं, जणू त्याची त्याला काही किंमत नव्हती. नेमकं हेच मला सहन होत नाही. बॉल मिळाला, दांडी मिळाली, झेंडा मिळाला, आणि माझ्याबद्दल तुम्ही जे बोललात तेही त्यालाच मिळालं.

तरी आता प्रत्येक मॅचनंतर मी फोन करते. तो चांगले प्रश्न विचारतो, हे कबूल करायला हवं. परवा म्हणाला, “डावीकडे का दिला नाही त्याने?” मी पाकळी उचलून डावीकडच्या वाटीपुढे ठेवली. टीमचं नाव मी त्याला सांगितलं आहे. तुम्हाला नाही.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगत नाही. माझी टीम ज्या बेटाची आहे तिथे मॅच असली की कॅमेरा मधूनमधून गर्दीवर जातो. तिथे एक मुलगी असते, सात-आठ वर्षांची, गालावर झेंडा रंगवलेला, बापाच्या खांद्यावर बसलेली. बाप तिचे पाय घट्ट धरून मान वळवून वर बघतो आणि काहीतरी सांगतो, आणि ती खाली न बघता बोट दाखवून त्याला उलटं काहीतरी सांगते. तो ऐकतो. मला त्या मुलीचा इतका राग येतो की मी टोस्ट बशीत टाकून देते.

हे पत्र मी दादाला वाचून दाखवणार नाही, तो रडेल आणि मग त्याला समजावत बसावं लागेल. फळीवरच्या वाट्यांखाली घालून ठेवते. तुम्हाला म्हणून एवढंच सांगते की बॉल कुठे आहे याकडे माझं अर्धंच लक्ष असतं, आणि त्यात जे बघायचं सुटतं ते मी दादाला रचून सांगते. उरलेलं अर्धं लक्ष कॅमेरा पुन्हा गर्दीवर कधी जातो, यावर असतं.