पोटाला शिवलेला हात

माय,

आज वर्गात शिकवत होते. पेशींचा वाढवलेला जाड तुकडा शरीरात बसवला तर कडेच्या पेशी जगतात, मधल्या मरतात. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आत शिरेपर्यंत त्यांना पोसायचं कोणी, हाच खरा प्रश्न. बोलता बोलता तुझा हात आठवला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी अकरावीला होते. बमरोलीच्या कापड कारखान्यात रोलरमध्ये तुझा उजवा हात सापडला आणि हाताच्या पाठीवरची कातडी पार सोलून निघाली. डॉक्टरांनी तुझ्या पोटाची जाड कातडी एका बाजूनं तशीच जोडलेली ठेवून हातावर पसरली आणि हात पोटालाच शिवला. "पोटाचं रक्त तिला जगवेल. हातातून नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरल्या की मग पोटापासून कापू," असं ते मला समजावत होते. तू शुद्धीवर येऊन खाली पाहतेस आणि म्हणतेस, "इतला दिन हात पोटले पोसे, आते पोट हातले पोसस." मी वरणभात भरवते, तर, "मोठा घास दे, मी काय चिडी शे का?"

काही दिवसांनी कातडीची कड निळसर दिसू लागली. हात जातो की काय, म्हणून मी धावत डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "बेन, तंबाकू?"

"ना भाई, कदी नही."

तू खोटं बोलत नव्हतीस. मिशरी तुझ्या लेखी तंबाखू नव्हतीच, दात घासायची वस्तू होती. शेजारच्या काकूंनी तुझी डबी मायेनं जेवणाच्या पिशवीतून आणून दिली होती. मी तुझं डाव्या हाताचं काळं बोट डॉक्टरांपुढे धरलं.

"इसी से नसें सिकुड़ती हैं. हाथ चाहिए कि ये?"

ते गेल्यावर तू कडाडलीस, "लोकेससमोर मनी आब्रू काढी! याकरता शाळा शिकाडी का तुले?"

तुला एकटीला गाठून सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का? अजून ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी तू डबी पुढे केलीस. "खाडीमा टाकी दे." मग हिरड्या शिवशिवल्या की पदराचं टोक चावत बसायचीस. हळूहळू कड गुलाबी झाली आणि एके दिवशी हात पोटापासून सुटला.

त्याच हातानं पुढे बॉबिन भरून तू मला कॉलेज शिकवलंस. अंगानं भरलीस तशी हाताची पाठही फुगली, पोटाचीच कातडी ना ती. "मना हातले ढेरी उनी," असं बायकांना दाखवून हसायचीस. त्या जाड, मऊ हाताची पाठ माझ्या तापलेल्या कपाळावर टेकवायचीस, तेवढं सुख मला पुन्हा कशात मिळालं नाही. मिशरीला मात्र तू पुन्हा शिवली नाहीस. हे मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही, म्हणून आज लिहिते आहे. पाठवायचं तरी कुठे!

एक राहिलं. डबी खाडीत टाकली असं तुला सांगितलं होतं. टाकली नव्हती. मघाशी उघडली. वास कधीच उडून गेलाय. तरी बोट आत फिरवून पाहिलं.