बोलणारा दोन

४ ऑगस्ट

अंक आला. बायकोच्या नावावर. वर्गणी बंद करायची राहून गेली होती. माणूस गेलं हे टपालवाल्यांना कोण सांगणार?

वर्गणी बंद करायला कुठे कळवायचं ते बघायला पाकीट फोडलं. मधलं पान उघडलं, तर पानावर मीच.

"बोलणारा दोन : झोप आता. उद्या डॉक्टरांना विचारू. रंग बराच सुधारलाय तुझा."

हे माझं बोलणं. आईशी, मागच्या खोलीत, ती शेवटची आजारी असताना. बायको तेव्हा कपाटावर रेकॉर्डर ठेवून सगळं टिपून घ्यायची. माणसं एकमेकांशी बोलतात कशी, हे ती कॉलेजात शिकवायची. आजारी माणसाशी घरचे खोटं कसं बोलतात, यावर तिने लेख लिहिला आणि याच नियतकालिकाकडे पाठवला. वर्षभर भिजत घोंगडं. मग नकार. मग ती स्वतःच आजारी पडली आणि मार्चमध्ये गेली.

लेखाखाली नाव तिचं नाही. सरांचं आहे. तिच्या गाइडचं.

५ ऑगस्ट

पुन्हा वाचला. आई विचारते, "मी घरात कधी फिरायला लागेन रे?" पुढे कंसात : सात सेकंद शांतता. सर लिहितात, हे पुरुषी सत्तेचं मौन आहे. मुलगा आईला उत्तर नाकारून तिच्यावर ताबा ठेवतो.

मी उशीची खोळ बदलत होतो. चेन अडकली होती. दातांनी ओढत होतो.

तिने हे लिहिलं होतं. मला वाचूनही दाखवलं होतं. म्हणाली, "तुमचे दात संशोधनाच्या कामी आले." सरांनी नेमकी तीच ओळ गाळली. चोरी करायची तीही धड नाही.

११ ऑगस्ट

संपादकबाईंना फोन केला. बाई मऊ बोलतात. इतक्या मऊ की बोट रुतावं.

"त्याचं काय आहे, लेख परीक्षकांकडे जातो तेव्हा लेखकाचं नाव काढलेलं असतं. परीक्षक कोण, तेही लेखकाला कळत नाही. पक्षपाताला जागाच नाही."

आमच्या प्रयोगशाळेतही पाण्याच्या बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. कुठल्या टाकीचं पाणी ते मला झाकण काढताच वासावरून कळतं. सरांना चार ओळींत कळलं नसेल? त्यांनीच तर शिकवलं तिला.

"परीक्षक सर होते का?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे होते."

"सांगता येत नाही म्हटलं ना मी." मग जरा थांबून, "तुम्ही याच विषयातले का?"

"नाही. पाणीखात्यात आहे."

"अच्छा."

त्या एका 'अच्छा'वर तिने अख्खा लेख लिहिला असता.

१७ ऑगस्ट

सर घरी आले. न कळवता. बाईंनी कळवलं असणार त्यांना— गोपनीयता फक्त आमच्यासाठी.

आले ते थेट तिच्या खुर्चीत बसले. "मला ती मुलीसारखी होती हो." ती गेली तेव्हा मुलीसारखीला बघायला आले नव्हते.

म्हणाले, "तुमचा गैरसमज झालाय. विषय आम्हा दोघांचा. संभाषणं तिनेच मला दिलेली."

"आणि तिचा लेख?"

"कच्चा होता. शेवटचा भाग तर फार हळवा. मी असतो तर तो भाग उडवला असता."

 तिने तो लेख पुरता कुणालाच दाखवला नव्हता. मलासुद्धा शेवट वाचू दिला नाही. "छापून आल्यावर वाचा," म्हणाली. तो फक्त नियतकालिकाकडे गेला होता. परीक्षकाशिवाय तो शेवट कुणी वाचणं शक्य नाही.

बोलून गेल्यावर सरांच्याही ते लक्षात आलं. चहा फुंकू लागले. चहा केव्हाच निवला होता.

मग आवाज बदलला. "हे बघा, पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ. माझ्या नावाखाली तिचं नाव. दुसरी लेखिका म्हणून. तिच्यासाठी मोठी गोष्ट आहे. तुम्हाला आणखी काय हवंय?"

"उठा."

"अं?"

"त्या खुर्चीतून उठा."

उठले. दारात पुन्हा म्हणाले, विचार करा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मला वाटायचं दिसायलाही तशीच असतील. यांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता.

१८ ऑगस्ट

खुर्ची आत नेऊन ठेवली.

२६ ऑगस्ट

बाईंचा फोन.

"सर म्हणतात, संशोधनाचं साहित्य तिने दिलं होतं. तिला आता विचारता येत नाही."

"मला विचारा."

"तुम्ही लेखक नाही. तुम्ही म्हणजे..." शब्द शोधत होत्या. "तुम्ही साहित्य आहात."

बरं झालं, कळलं.

सरांनी परीक्षणात शेवट वाचला होता, हेही मी बाईंना सांगितलं. "ते तोंडी झालं ना पण? समिती बसेल. वर्ष, दीड वर्ष लागेल. निकाल पत्नीच्या बाजूने लागला, तर लेख त्यांच्या नावाने घेऊ." त्या 'तर'वर केवढा भार.

मग हळूच म्हणाल्या, "मी सुचवत नाहीये, पण एक नियम आहे. ज्याचा आवाज आहे, त्याला संमती केव्हाही मागे घेता येते. कारण विचारत नाहीत. छापलेला लेख आठवड्यात काढावा लागतो."

"मग घेतो मागे."

"नीट ऐका. संमती लेखाला नसते, संभाषणांना असते. ती गेली की त्या संभाषणांवरचं कुणाचंच काही छापता येणार नाही. तुमच्या पत्नीचंही."

२७ ऑगस्ट

संमतीची ती सही आठवते. स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून. मी म्हटलं, "नवऱ्याची कसली सही घेतेस?" म्हणाली, "नवरा बाहेरच्या खोलीत. इथे तुम्ही बोलणारा दोन." आईचा हात थरथरायचा, म्हणून तिच्या वतीनेही मीच केली.

दोन आवाज माझ्या हातात. बायकोचा तेवढा नाही.

३० ऑगस्ट

मुलगी आली होती. जेवताना भांडण.

"बाबा, घ्या ना दुसरं नाव. कुठेतरी आईचं नाव तर येईल."

"चोराच्या खाली?"

"खाली तर खाली. आईने किती वर्षं घातली त्यात. तुम्ही सगळंच पुसायला निघालात. तुम्हाला आईचं नाव नकोय, सरांचं नाक कापायचंय."

"दोन्ही हवंय."

"दोन्ही मिळत नाहीये."

मी गप्प. खरं आहे, मिळत नाहीये.

"हेच तुमचं. गप्प बसायचं. आजीला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. आईलाही नाही. रंग सुधारलाय म्हणे!"

ताट तसंच टाकून गेली. मी तिचंही ताट धुतलं.

३ सप्टेंबर

मुलीसाठी म्हणून सरांना फोन केला. म्हटलं, दुसरं नाव तर दुसरं. 

सर एकदम प्रसन्न. "उत्तम. मजकूर तयारच आहे." वाचून दाखवला. "ध्वनिमुद्रणासाठी सहकार्य" आणि पुढे तिचं नाव.

"तुम्ही लेखिका म्हणाला होतात."

"अहो, संपादक मंडळाला तेवढं मान्य होईना. शेवटी नाव छापून आल्याशी मतलब." शिवाय हा लेख यंदापासून एम.ए.ला लावलाय, हेही सांगितलं. मी अभिनंदन करावं म्हणून थांबले असावेत.

मुलीला कळवलं.  म्हणाली, "सहकार्य?"

"सहकार्य."

"तुम्हाला करायचं ते करा, बाबा."

हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

४ सप्टेंबर

संमती मागे घेतली. माझी आणि आईची. बाईंनी खरंच कारण विचारलं नाही.

१२ सप्टेंबर

सरांचा लेख काढला. तिचा आता कधीच येणार नाही. शेवट काय होता ते मला कळायचं नाही. तिच्या कॉम्प्युटरमधला लेख मी उघडणार नाही. छापून आल्यावर वाचा, म्हणाली होती.

१४ सप्टेंबर

मुलगी आली. आज पहिल्यांदा रेकॉर्डिंग लावलं. आता ते कुणाचं साहित्य नाही, घरातलं बोलणं आहे. आई कण्हते, मी काहीबाही सांगतो. मध्येच बायको म्हणते, "अहो, दार लोटा, वारा लागतोय त्यांना."

मी उठून दार लोटलं.