मे महिन्यातला हीटर

बाबा, “होळी झाली का ही गाडी अन् तू, दोघीयनं सावलीतच राहाचं,” असं तुम्ही म्हणाला होता. मी अठरा वर्षांची होते. किल्ली माझ्या मुठीत होती आणि तुम्ही एकेक बोट सोडवून ती काढून घेतलीत. धाकट्या भावाला मात्र मिसरूड फुटायच्या आधी स्टिअरिंग दिलंत. त्यानं गाडी गोठ्याच्या भिंतीवर घातली, तरी तुम्ही हसत होता.

अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये पडलेली ती हिरवी, दोन सीटची इंग्रजी गाडी तुम्ही ट्रॉलीत घालून अमरावतीला आणलीत, तेव्हा सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. महिनाभर खपून तुम्ही इंजिन चालू केलंत, आणि पहिलं काम काय केलंत, तर हीटर काढून टाकला. “इथं उकडून जीव चाल्ला, अन् गाडीत शेगडी कायले पायजे?” सगळी गल्ली हसली, मीही हसले. आईनं त्या हीटरच्या जाळीच्या पेटीत लसूण ठेवला. हवा छान खेळते म्हणाली. त्यानंतर गाडी उन्हात निघाली की वाफ सोडायची. तुम्ही वऱ्हाडाच्या उन्हाला शिव्या दिल्यात, विलायतेला दिल्यात, आणि होळीपासून दसऱ्यापर्यंत तिच्यावर ताडपत्री टाकलीत. एकदा ठरवलं की ठरवलं.

तुम्ही गेलात. ताडपत्री तशीच राहिली. यंदा धाकट्यानं पुण्याचं गिऱ्हाईक आणलं. “ताई, माह्या पोरीचं लग्न झालं, हिलेबी घालवू आता.” मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, “भर मे महिन्यात दुपारी अकोल्याले नेऊन दाखव. रस्त्यात उकळली तं इकाची. कबूल?” मी कबूल म्हटलं. मग रोज संध्याकाळी बॉनेट उघडून बसले. रेडिएटर साफ केला, पट्टा बदलला, तरी इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायचा. एके दिवशी पाण्याच्या नळीवरून बोट फिरवत गेले, तर ती इंजिनातून निघून पुन्हा इंजिनातच जाताना दिसली. मधली पेटी तुम्ही काढली होती. इंजिनाचं गरम पाणी त्या जाळीत यायचं आणि उष्णता सोडून परत जायचं. बाबा, ती शेगडी नव्हती. तो दुसरा रेडिएटर होता.

लसूण झटकून ती गळकी जाळी झाळायला नेली, तर दुकानदार म्हणतो, “मॅडम, मे महिन्यात हीटर? उद्या रसवंतीत चूल मांडाल!” मी म्हटलं, “मांडीन. तुम्ही झाळा.”

मग पेटी पुन्हा जागेवर बसवली आणि गाडी काढली. दुपारी, टपाशिवाय, डोक्याला ओला दुपट्टा बांधून. धाकटा शेजारी. बडनेऱ्यात ट्रकांच्या रांगेमागे अडकलो आणि काटा वर सरकू लागला. धाकटा गिऱ्हाइकाला फोन लावू लागला. मी हीटर पूर्ण उघडला.

“ताई! माहे पाय भाजून राहिले ना!”

“भाजू दे. चप्पल काढू नको.”

“बाहीर आग, आत आग. तुले येड लागलं का?”

“काटा पाहा.”

काटा थांबला. थरथरला. मग सावकाश खाली आला. मूर्तिजापूर गेलं, अकोला आलं. घामानं साडी अंगाला चिकटली होती, पावलं लालभडक झाली होती. गाडीनं मात्र थेंबभर पाणी सांडलं नाही. धाकट्यानं उतरून रसाचे दोन ग्लास संपवले आणि गिऱ्हाइकाला फोनवर एवढंच सांगितलं, “नाही जमत भाऊ. गाडी ताईची हाय.”

तेव्हा गाडी माझी आहे आणि ती उन्हातच फिरेल. तुमचं चुकलं होतं, गाडीच्या बाबतीत आणि माझ्याही. हे तोंडावर ऐकायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे. टाकणार तरी कुठे हे पत्र? पण एक सांगते. बडनेऱ्यात काटा चढत होता तेव्हा मी डॅशबोर्डवर हात ठेवून “चाल माय, चाल” म्हणत होते, आणि तो आवाज तुमचा होता.

एकच मागते. एकदा डाव्या बाजूला बसा, आणि अकोला येईपर्यंत “आण इकडं, मी चालवतो” म्हणू नका. बडनेरा यायच्या आतच म्हणाल, माहीत आहे मला.